जनावरांशी संपर्क : नाही

माझ्या केस पेपरावर एक ओळ खोटी आहे. बाकीचं सगळं खरं आहे. नाव खरं, वय एक्कावन्न खरं, ताप किती दिवस, उलट्या किती वेळा, तेही खरं. खालच्या बाजूला एक ओळ आहे, ‘जनावरांशी संपर्क : नाही’. अक्षर डॉक्टर मॅडमचं आहे, ओळ माझी.

मी एका हायस्कुलात लिपिक आहे. गावात मला बाबूजी म्हणतात. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फॉर्ममधले रकाने तपासत आलो. जन्मतारखेत खाडाखोड दिसली की फॉर्म परत. बापाचं नाव अर्धवट लिहिलं की फॉर्म परत. एवढ्या काटेकोर माणसाने आपल्या जिवाच्या कागदावर खोटं लिहवून घेतलं, आणि ते पुढे दुसऱ्याच्या अंगात शिरलं.

आजारातून उठलेली माणसं लिहितात ती धीर द्यायला. माझ्याकडे तुम्हाला द्यायला धीर नाही, राग आहे. तो कामाला येत असेल तर घ्या. दवाखान्याचं आणि तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल ती शिपायावर आणि सिस्टरवर, आणि त्यांचं पुरेसं भोगून झालं आहे.

पळसाची फांदी

आमच्या गळ्यात माळ आहे. ‘आमच्या’ म्हणतो, पण खरं तर माळ माझ्या गळ्यात होती आणि ती पाळली माझ्या बायकोने, कुसुमने. बारा वर्षांपूर्वी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, ती वाचली, आणि तिने माळ मागून घेऊन माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलं नाही. मी गावच्या भजन मंडळात पेटी वाजवायला लागलो. लोक मान द्यायला लागले. मानाची सवय मटणाच्या सवयीपेक्षा वाईट.

माझी दोन एकर धानाची बांधी सोमाजी बटईने, अर्ध्या वाट्यावर, करायचा. आम्ही लहानपणचे. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की रोवणाऱ्या बायांना जेवण द्यायची रीत आहे. सोमाजी त्यासाठी बोकड आणायचा. गेली तीन वर्षं मी त्या दिवशी सकाळी ‘बांधीचं पाणी पाहून येतो’ सांगून घरून निघायचो. बाया यायच्या आत बोकड कापून व्हायचं. कापायचा सोमाजी. मी पाय धरायचो, कातडं ओढायला हात लावायचो, आणि मग तीन दगडांवर कलेजी भाजून दोघं खायचो. त्याआधी मी माळ डोक्यावरून काढून पळसाच्या फांदीला अडकवायचो. खाऊन झालं की नहराच्या पाण्यात अंघोळ करायची आणि माळ परत गळ्यात घालायची. दुपारी बाया जेवायला बसल्या की बाबूजीचं वरण-भाताचं पान वेगळं. कुणाचा हात चुकून लागला तर मी हसून पान बाजूलासुद्धा सरकवायचो.

‘मी कापत नाही, नुसते पाय धरतो’, असं मी स्वतःला सांगायचो.

त्या साली बोकड बाजारातून आणलेलं होतं. चांगलं धडधाकट, डोळे चमकदार. त्याच्या कानात आणि मांडीत गोचिडी होत्या, एरंडीच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या. आमच्याकडे गोचीड फेकत नाहीत, फेकली तर परत चढते म्हणतात. ती दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायची. लहान होतो तेव्हापासून फोडतो आहे. सोमाजी म्हणाला, ‘‘बाबूजी, तुमचे नखं ऑफिसात बसून बसून मऊ पडले. फुटून नाई राह्यली तुमच्यानं.’’ मग मी त्याला आठ-दहा फोडून दाखवल्या. हात पळसाच्या पानाला पुसले आणि कातडं ओढायला बसलो. अंगठ्याला धानाच्या पेंढ्यांनी चिरा पडलेल्या होत्या, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

आधी सोमाजी

तिसऱ्या दिवशी सोमाजीला ताप भरला. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया. बोटातून रक्त घेतात, काचेवर पसरतात, गोळ्या देतात. त्याचं रक्त साफ निघालं, तरी गोळ्या दिल्या. पुढे त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, डोळे लाल भडक झाले, पाठीवर काळेनिळे डाग उठले. कुणी म्हणालं करणी. बहुतेक जण म्हणाले, दारू. लिव्हर गेलं असेल. सोमाजी प्यायचा, होळीला आणि पोळ्याला. गावाला तेवढं पुरेसं झालं.

मी त्याला पाहायला गेलो तेव्हा मलाही ताप भरून दोन दिवस झाले होते. डोकं फुटेल असं दुखत होतं आणि कंबरेत कुणी पहार घातल्यासारखं झालं होतं. तो खाटेवर होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘तुमाले बी?’’

मी म्हटलं, ‘‘सर्दी हाय मले.’’

त्याला कळलं होतं. तो हात उलटा करून नखांकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता तुम्ही हिशेब लावा. एक बोकड. कापणारा एक, धरणारा एक. कापणारा रक्त ओकून मेला आणि धरणाऱ्याला ताप भरला. हे समजायला डॉक्टर लागत नाही. मला समजलं होतं. त्याच्या सरणावर लाकडं ठेवताना समजलं होतं.

एक प्रश्न

दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाने मला मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मागे कुसुम. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नागभीडकडच्या. त्यांनी डोळ्यांखालचं कातडं ओढून पाहिलं, दंडावरचे बारीक लाल ठिपके पाहिले, प्लेटलेट कमी असल्याचं सांगितलं. डेंगूच धरून चालू, म्हणाल्या. पण पेन खाली ठेवला नाही. घरी जनावरं आहेत का, गोचीड चावली का, इतक्यात एखादं जनावर कापलं, सोललं, कच्च्या मटणाला हात लावला का, असं एकेक करून विचारलं.

उत्तर कुसुमने दिलं. ‘‘आमच्या घरी माळ हाय जी. मटनाचं सोडा, अंडं बी येत नाई.’’ तिच्या आवाजात अभिमान होता. बारा वर्षांचा.

मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘‘तुम्ही सांगा.’’

मला आजही ती खोली दिसते. भिंतीवरचा पंखा मान फिरवत होता. कुसुम माझी चप्पल हातात घेऊन उभी होती. मला फक्त म्हणायचं होतं, ‘बाई, जरा बाहेर थांब.’ चार शब्द.

मी म्हटलं, ‘‘नाई.’’

लोकांना वाटतं असं खोटं भीतीने निघतं. मरणाची भीती मला त्या वेळी होतीच, सोमाजीची राख गरम होती अजून. पण मरणापेक्षा मला भजन मंडळाची भीती जास्त वाटली. 

ललिता सिस्टर

वॉर्डातलं आयुष्य घड्याळावर नसतं, आवाजांवर असतं. सकाळी झाडू, मग ट्रॉलीच्या चाकाचा कर्रकर्र आवाज, मग नातेवाईकांचे डबे उघडल्याचा आवाज. माझ्या वॉर्डात सकाळपासून दुपारपर्यंत ललिता सिस्टर असायच्या. चाळिशीच्या आत, उभट चेहऱ्याच्या, बोलायला तिखट. आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या गावातून स्कूटीने यायच्या. घरी नवरा, सासू आणि सहा शेळ्या. शेळ्यांचं त्याच सांगायच्या, कुणी विचारलं नाही तरी.

जेवणात अंडं यायचं. मी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, ‘‘खा ना भाऊ, देव काय माझ्या वॉर्डात राऊंडले येते का?’’ कुसुम नाराज व्हायची, पण हसायची.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नाकातून रक्त सुरू झालं. थांबेना. उशी भिजली, तोंडात रक्त, मला श्वास घेता येईना. हातमोज्यांचा खोका कपाटात होता, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो दवाखान्याचा शिपाई रजेवर. सिस्टरने एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. डेंगूचा पेशंट, डेंगू काय हाताने लागतो? त्यांनी उघड्या हाताने माझं नाक दाबून धरलं. बराच वेळ. रक्त त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांच्या बोटाला निंदणीच्या विळ्याचा ताजा काप होता. मी तो पाहिला. माझ्या नाकापासून चार बोटांवर होता तो, कसा नाही पाहणार?

मला तेव्हाही बोलता आलं असतं. तोंडात रक्त होतं, पण आवाज होता. मी डोळे मिटून घेतले.

कुणी म्हणेल, कुलूप लावणाऱ्याचा दोष नाही का? आहे. हातमोजे कुलपात ठेवणारा दवाखाना पाहिला की माझं डोकं आजही तापतं. ते काय सोन्याचे असतात? पण कुलपाला लाथ मारायला कारण लागतं, आणि ते कारण माझ्या गळ्याखाली होतं.

त्या दिवसांत माझा ताप डोक्यात चढला होता. मी बरळत होतो असं कुसुम नंतर सांगायची. काय बरळलो ते तिला कळलं नव्हतं. ती तेव्हा डबा घ्यायला किंवा औषधाच्या खिडकीवर असायची. जवळ सिस्टर असायच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तलावाची पाळ

सहाव्या दिवशी सकाळी ट्रॉली दुसऱ्याच सिस्टर घेऊन आल्या. ललिता सिस्टरला ताप आहे, म्हणाल्या. कालपासून. डोकं फार दुखतं म्हणे, आणि कंबर.

कंबर हा शब्द मला पुरेसा होता. मी कुसुमला चहा आणायला पाठवलं. मॅडमना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. बोकड, गोचिडी, नखं, कातडं, सोमाजी. कुसुम परत यायच्या आत सांगायचं म्हणून भराभरा सांगितलं. एवढं करून शेवटी म्हणालो, ‘‘मॅडम, हे गावात कळू नये.’’

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, ‘‘पाच दिवस, काका.’’ आणि बाहेर जाऊन कपाटाचं कुलूप तोडायला लावलं. तो आवाज मी खाटेवरून ऐकला. हातोडीचे तीन घाव. तीन घावांचंच काम होतं ते.

रक्ताचे नमुने पुण्याला गेले. उत्तर आलं ते काँगो तापाचं. मी पुढे मॅडमना विचारलं, एवढासा विषाणू माणसाला असा कसा फोडतो? त्यांनी पुस्तकातलं सांगितलं नाही. त्या जुन्या मालगुजारी तलावांच्या, म्हणजे मामा तलावांच्या, मुलखातल्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्या गावच्या मामा तलावाची पाळ आठवा.’’

विषाणू अंगात शिरतो तेव्हा त्याला पकडायला जे पहारेकरी धावतात, तो त्यांच्याच आत शिरतो. त्यांच्याच खांद्यावर बसून अंगभर फिरतो, लिव्हरपर्यंत जातो. मग सगळीकडे बोंब उठते. तलावाची मातीची पाळ फुटली अशी बोंब उठली की सगळा गाव धावतो, आणि धावणाऱ्यांच्या पायांनीच पाळ तुडवली जाते, ढिली होते, तसं. रक्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंती झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर जातं, माणूस आतून कोरडा आणि बाहेरून सुजलेला. भोकं बुजवायला जी माती लागते ती लिव्हर तयार करतं, तर लिव्हरच आजारी. जी थोडी उरली असते ती हजार ठिकाणी मूठ-मूठ टाकून संपून जाते. शेवटी नाकापाशी खरी धार लागते तेव्हा टोपलीत माती नसते.

‘‘म्हणजे विषाणूपेक्षा आपलाच गोंधळ जास्त मारतो?’’ मी विचारलं.

‘‘दोन्ही मिळून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण कळायला जेवढा उशीर, तेवढी पाळ ढिली.’’

पकडणाऱ्याच्याच अंगात लपून फिरणारा. मी गळ्यातली माळ चाचपली आणि हात काढून घेतला.

एकाच गाडीत

आम्हा दोघांना एकाच रुग्णवाहिकेतून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी स्ट्रेचरवर, सिस्टर बाजूच्या बाकावर, हाताला सलाईन. सोबतचा माणूस पांढऱ्या झग्यात नखशिखांत झाकलेला, पुढे ड्रायव्हरजवळ. सिस्टरचे डोळे सोमाजीसारखे झाले होते. गाडी खड्ड्यात गेली की त्या ओठ दाबायच्या, पण आवाज काढायच्या नाहीत.

अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमची माळ बरी सांभाळली हो तुम्ही.’’

मला ती थट्टा वाटली. मी म्हटलं, ‘‘देवाची कृपा.’’

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाहेर ओळीने कोळशाचे ट्रक जात होते. चंद्रपूरपर्यंत त्या तशाच बसल्या.

तिथे आम्ही काचेच्या दोन बाजूंना होतो. मी सुधारत गेलो, त्या खाली खाली जात राहिल्या. तीन दिवस असे गेले की त्यांच्या बाजूला कुणी घाईने गेलं की मी उठून बसायचो. एकदा त्यांचा नवरा बाहेरच्या काचेला कपाळ टेकून उभा दिसला. बकऱ्या चारणारा साधा माणूस. त्याने मला पाहून हात जोडले. मला, कारण आम्ही दोघं एकाच रोगाचे, म्हणजे त्याच्या लेखी एका नात्याचे. मी पण हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची मला अजून शिसारी येते.

सिस्टर वाचल्या. लहान-लहान गोष्टी असतात, त्या सांगितल्या पाहिजेत. त्यांनी पहिल्यांदा भाताची पेज मागितली तो दिवस. त्यांना पहिल्यांदा उठवून बसवलं तो दिवस. झग्यातली एक मावशी काचेवर टकटक करून मला खुणेनं सांगायची, बसली, जेवली, बोलली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. ती बाई मला देवळातल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा मोठी आहे.

शाल

घरी आलो आणि खरा आजार पाहिला.

आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा जनावरांच्या खात्याची माणसं दोन्ही गावांत आली होती. आमच्या गावात त्यांना काही सापडलं नाही, बोकड तर केव्हाच जिरलं होतं. सिस्टरच्या घरी सहा शेळ्या. त्यांच्या कानात गोचिडी. कुठल्या शेळीच्या कानात नसतात? त्या नळ्यांत भरून नेल्या. नळ्यांतून काय निघालं ते मला माहीत नाही. लोकांना त्याची वाटही पाहावी लागली नाही. रोग सिस्टरच्या शेळ्यांतून निघाला, तिने तो दवाखान्यात आणला, बाबूजीला तिच्याच हाताने लागला. मी आधी आजारी पडलो आणि ती नंतर, एवढा साधा क्रमसुद्धा कुणी लावला नाही. लावायचाच नव्हता.

त्यांच्या शेळ्यांना कुणी चरायला येऊ देईना. बोअरिंगवर त्या गेल्या की बाया घागरी घेऊन मागे सरायच्या. कामावर परत आल्या तर इंजेक्शनची रांग दुसऱ्या सिस्टरपुढे वाढायची.

आणि मी? भजन मंडळाने माझा सत्कार ठेवला. अध्यक्ष माइकवर म्हणाले, ‘‘बिमारीनं सोमाजीले नेलं तं दारूनं नेलं म्हणा. पन ज्याच्या गळ्यात माळ हाय, त्याले काय करन बिमारी?’’ टाळ्या पडल्या. सोमाजीची बायको मागच्या खांबाजवळ बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. अध्यक्षांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला.

मी शाल घेतली.

तुम्हाला राग कशाचा येईल मला माहीत नाही. मला त्या शालीचा येतो. ती उबदार होती.

अंगण

तीन महिने मी ती शाल घरात ठेवली. धान कापणीला आलं. मला जेवण जाईना. शेवटी एका रविवारी सकाळी मी सायकल काढली आणि दोन कोस गेलो.

सिस्टर अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. केस विरळ झालेले. शेळ्या तीनच उरल्या होत्या. त्यांनी बाज दाखवली, मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. पहिल्यापासून. पळसाची फांदी, कलेजी, नखं, नंतर ‘नाई’, नंतर त्यांच्या बोटावरचा काप.

त्या पाला टाकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, ‘‘मले माहीत हाय.’’

मॅडमनी सांगितलं का, असं मी विचारलं.

‘‘मॅडम काऊन सांगतील? तुम्हीच सांगितलं. तापात दहा खेपा बोल्ले, ‘सोमाजी, माळ फांदीवर हाय, बाया यायच्या आत काढ, रक्त लागन तिले.’ मले तेव्हा समजलं नाई. मीच पडली तेव्हा समजलं.’’

‘‘मग तुम्ही कुणाले काऊन नाई सांगितलं? लोक तुमाले…’’

‘‘पेशंटचं तापातलं बोलनं मी चौकात सांगत नाई, भाऊ. वीस वर्षं झाली. तुमच्यासाठी मोडू का?’’

एक शेळी माझ्या पायजम्याची नाडी चघळायला आली. त्यांनी तिला हाकललं. मग पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, पण थोडाच. ‘‘तुम्ही ‘हो’ म्हटलं असतं ना, तं मी त्या आलमारीचं कुलूप गोट्यानं फोडलं असतं. एवढंच मले झोंबते. मटन खा का माती खा, मले काय करायचं?’’

मी माफी मागितली. त्यांनी ती हातानेच बाजूला सारली. ‘‘इथी बोलून काय फायदा? माझ्या शेळ्यांले सारं माहीत हाय. जिथी शाल घेतली, तिथी बोला.’’

चहा दिला त्यांनी. त्या घरचा चहा तेव्हा कुणी पीत नव्हतं. मी प्यालो, हे मोठं काही केलं नाही. उशिरा केलं, एवढंच.

माइक

घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती चुलीपाशी होती. मला वाटलं, माळेवरून, मटणावरून भांडेल. ती म्हणाली, ‘‘त्या मॅडमपुढं पहिला ‘नाई’ माझ्या तोंडून निघाला. माझा तं खरा होता. तुम्ही त्याले खोटं केलं.’’ मग आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, उचलायची. मी माळ काढून देवघरात ठेवली. तिने ती तिथून उचलून कुठे ठेवली, मी विचारलं नाही.

पुढे जाण्याआधी तुमच्यासाठी एवढंच. ताप भरला आणि डॉक्टरने विचारलं, गोचीड, जनावर, रक्त, कातडं, कच्चं मटण, तर खरं सांगा. बायको उभी असेल तर तिला बाहेर पाठवा. सासरा, सरपंच, महाराज, जो उभा असेल त्याला बाहेर पाठवा. गोचीड नखाने फोडू नका. आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनो, हातमोज्यांना कुलूप लावू नका. माझ्यासारखी माणसं रोज येतात, आणि आम्ही खोटं बोलतो.

कार्तिकातल्या एकादशीला मंडळाचं भजन होतं. गाव जमला होता. मी सिस्टरला आणि त्यांच्या नवऱ्याला निरोप धाडला होता. ते आले आणि चपला काढायच्या जागेपाशीच उभे राहिले, कुणी त्यांना आत या म्हणालं नाही. कुसुम बायांमध्ये बसली होती, सोमाजीच्या बायकोजवळ.

भजन झाल्यावर अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शाल घडी करून त्यांच्यापुढे ठेवली. माइक हातात घेतला आणि सांगितलं, की सोमाजी दारूने मेला नाही. आम्ही दोघांनी मिळून बोकड कापलं, मी माळ फांदीला टांगून कलेजी खाल्ली. रोग तिथून माझ्यात आला आणि माझ्यातून ललिता सिस्टरमध्ये गेला. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यांच्या शेळ्यांचा यात काही…

इथे माइक बंद झाला. अध्यक्षांचा हात मागच्या बटणावर होता. ‘‘बाबूजीची तब्येत अजून बरी नाई,’’ ते पुढच्या माणसांना म्हणाले, आणि कुणीतरी टाळ उचलले.

मी उभा राहिलो, हातात मेलेला माइक घेऊन. मला वाटलं, झालं. बोललो तर खरं. आता बसावं. खरंच सांगतो, मला बसावंसं वाटलं.

तेवढ्यात बायांमधून कुसुम उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, सगळ्या गावादेखत.

‘‘माइक बंद होता जी. मागं काई आयकू नाई आलं. शेळ्यांपासून पुन्हा सांगा.’’

टाळ खाली ठेवले गेले. मी माइक सतरंजीवर ठेवला आणि चपलांजवळ उभ्या असलेल्या दोघांकडे तोंड करून, आवाज असेल तेवढा लावून, पुन्हा सांगितलं.